भट्टीवालीचं लग्न

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण त्या काही केल्या कबूल करत नव्हत्या. एकदा मेथी म्हणून त्यांनी ओंजळभर गवत खुडून आणलं आणि ते निवडायलाही बसल्या, तेव्हा सासऱ्यांनीच माझ्या नवऱ्याला फोन केला. "तुह्या मायले घेऊन जाय बापा. आज गवत आणलं, उद्या मले ओळखणार नाही."

अशा त्या आमच्याकडे मलकापूरला आल्या. आधी एक डोळा, मग काही आठवड्यांनी दुसरा, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं, म्हणजे मुक्काम लांबणार होता. त्यांचं सगळं आयुष्य धामणगाव बढेजवळच्या एका खेड्यात वांगी, मिरच्या आणि कांदे लावण्यात गेलेलं. नुसतं बसून राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पथ्यं सुरू झाली. चुलीचा धूर नको, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, टीव्ही नको. डॉक्टरांच्या प्रत्येक सूचनेला त्या शहाण्या मुलीसारख्या "हाव, हाव" म्हणाल्या आणि घरी आल्या आल्या मला म्हणाल्या, "मंग जिवंत राहून काय करू वं?"

सगळ्यात जास्त त्यांना खुपत होतं ते वाचन. शाळा चौथीपर्यंतचीच, पण सकाळी अंघोळ झाली की पोथी वाचल्याशिवाय चहा घ्यायचा नाही हा त्यांचा नेम. मी शाळेत मराठी शिकवते. माझी शाळा सकाळच्या पाळीची, म्हणून दुपारी मी त्यांना पोथी वाचून दाखवू लागले. ते त्यांना पटेना. "तू लय घाई करते. देवाले धापा लागतीन," म्हणाल्या. पोथी ज्याची त्यानंच वाचायची, दुसऱ्याच्या तोंडून ती त्यांच्या पोटात जात नव्हती.

याच दिवसांत माझी नणंद खामगावहून आईला बघायला आली. ती तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. लग्नानंतर काही वर्षांतच नवरा कावीळ होऊन गेला, मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला वाईट वागवलं नाही, पण ठेवूनही घेतलं नाही. माहेरी येऊन ती रडत बसली नाही. नर्सिंगचा कोर्स केला, खामगावात खोली घेतली. आमच्या घरात सगळ्यात मोठ्यानं हसणारी तीच. येताना तिनं आईसाठी डोळ्यांत टाकायचे थेंब आणले आणि माझ्यासाठी एक जाडजूड कादंबरी. तुर्की भाषेतली, मराठीत आणलेली.

"वहिनी, वाचून सांग कशी वाटते ते."

मी पोळ्या लाटत होते. तुर्की कादंबरी हिच्या हाती कुठून आली, असं मी सहज विचारलं, आणि तिनं शेगडीची आच कमी करत तितक्याच सहज सांगितलं, "ज्यांनी दिली त्यांच्याशी मी लग्न करणार आहे."

माझी पोळी तव्यावर करपली. ती सांगत राहिली. ते शाळेत इतिहास शिकवतात. त्यांची आई तिच्या वॉर्डात बरेच दिवस होती, तिथं ओळख झाली. पहिलं लग्न झालं होतं, ते मोडलं. भाषणं करतात, मोर्च्यांना जातात, पक्षाचं काम करतात. आणि ते बौद्ध आहेत. आम्ही माळी. ते देव मानत नाहीत आणि नणंदेचा गुरुवार कधी चुकत नाही.

"आईला कधी सांगणार?" मी विचारलं.

"तिला आधी नीट दिसू तर दे," ती म्हणाली आणि नेहमीसारखी हसली. पण त्या हसण्यात जरा दम कमी होता.

ती खामगावला परत गेली. मी कादंबरी वाचायला घेतली. एका दुपारी अंगणात ऊन खात मी वाचत बसले होते. शेजारी खाटेवर सासूबाई काळा चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकटीच काय गिळून राह्यली? मोठ्यानं वाच."

"आई, ही पोथी नाही. गोष्ट आहे. तुर्कस्तानातली."

"कुठी आलं ते?"

"लांब आहे. मुसलमानांचा देश आहे."

"तिथं लोक जेवतात का नाही? मंग गोष्ट बी असंनच. वाच."

आजही कोणी म्हणालं की वहिनीनं डाव टाकून ती कादंबरी वाचली, तर मला हसू येतं. डाव टाकण्याइतकी हुशारी माझ्यात नाही. हातात होतं ते वाचलं, एवढंच.

गोष्ट होती डोंगराजवळच्या एका छोट्या शहरातली. मशिदीच्या मागच्या बोळात एका विधवेची पावाची भट्टी आहे. पहाटेच्या बांगेआधी उठून ती कणीक तिंबते, मग नमाज पढते, मग भट्टी पेटवते. तिचा सख्खा भाऊ त्याच मशिदीत बांग देतो. धर्माच्या नावानं चालणाऱ्या पक्षाचा तो मोठा कार्यकर्ता आहे आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा आहे. समोरच्या पक्षाकडून उभा आहे तो शाळेचा एक मास्तर. तरुणपणी राजकारणापायी तुरुंगात जाऊन आलेला. मशिदीची पायरी न चढणारा. तो रोज संध्याकाळी भट्टीवर पाव घ्यायला येतो, आणि त्याच्या एकट्याच्या पोटाला लागतात त्याहून जास्त पाव घेतो.

इथं सासूबाईंनी मला थांबवलं. "जास्तीचे कायले घेते तो?"

"तुम्हीच सांगा."

त्या खुदकन हसल्या. "समजलं. वाच पुढं."

तिथली नावं त्यांच्या जिभेवर बसेनात. मग त्यांनी स्वतःच सगळ्यांची बारशी केली. ती भट्टीवाली, तो मास्तर आणि भाऊ म्हणजे बांगवाला. मीही वाचताना हीच नावं घालू लागले. भट्टीवाली उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर टोमॅटो चिरून वाळत घालते आणि लाल मिरच्या दोऱ्यात ओवून टांगते, हे आलं तेव्हा सासूबाई खाटेवर सरळ होऊन बसल्या. मिरची कोणत्या जातीची, देठासकट ओवतात का, हे त्यांना कळायला हवं होतं. लेखकानं तेवढं लिहिलेलं नव्हतं. "मंग त्यानं मिरच्या लावल्याच नसतीन कधी," त्यांनी निकाल दिला.

आमच्या भिंतीला लागून एक मुसलमान बाई राहतात, सगळे त्यांना खाला म्हणतात. ब्लाउजांना हातशिलाई करून देतात. त्यांनी भिंतीवरून दोनतीनदा वाचन ऐकलं आणि एके दिवशी सुई-दोरा घेऊनच अंगणात येऊन बसल्या. मग रोजच येऊ लागल्या. रोज्याचं वर्णन आलं की सासूबाई खालांकडे वळायच्या.

"पाणी बी नाही?"

"थूक भी संभाल के निगलना पड़ता, बाई."

"बाप्पा! आमची एकादशी बरी. साबुदाणा तं भेटते."

खालांना मास्तर पसंत नव्हता. नमाज न पढणाऱ्याशी भट्टीवालीनं बोलूच नये, असं त्यांचं मत. सासूबाईंना तो आवडायचा, कारण भट्टीवालीच्या घराचा नळ त्यानं कोणी न सांगता दुरुस्त केला होता. यावरून दोघींची चांगली जुंपायची. मी पुस्तक मिटून दोघींना चहा करून द्यायचे.

गावाकडे तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली होती आणि आमचे सासरे उभे होते. एका पॅनलनं त्यांना गळ घातली होती. भाजी घेऊन ते मलकापूरच्या बाजाराला यायचे, माल विकून झाला की घरी टेकायचे आणि आल्या आल्या गावच्या राजकारणाचा हिशेब मांडायचे. कोण फुटलं, कोणत्या आळीत जेवणावळ झाली, वगैरे. वाचन चालू असलं की तोंडापुढं पेपर धरायचे. पेपरचं पान मात्र उलटायचं नाही.

एकदा मास्तराच्या सभेचं वर्णन चाललं होतं. त्याच्याच पक्षाचे लोक त्याला बाजूला घेऊन सांगतात, त्या डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या बाईशी तुझं नाव जोडलं जातं आहे, ती उद्या तुझ्या घरात आली तर आम्ही कोणत्या तोंडानं मतं मागायची? पेपरामागून सासरे म्हणाले, "पडते हा."

"कोण?" मी विचारलं.

"तुमचा मास्तर. ज्याच्या मागचे लोक बाजूले घेऊन बोलतात ना, तो पडते. लिहून ठेव."

"तुमाले काय माईत तुर्कस्तानातलं?" सासूबाई म्हणाल्या.

"इलेक्शन सगळीकडं सारखीच राह्यते."

मग ते प्रकरण आलं. बांगवाल्याला बहिणीचं कळतं. शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर उभा राहून तो सगळ्यांसमोर म्हणतो, मला बहीण नाही. दुसऱ्या दिवसापासून भट्टीवर गिऱ्हाईक येत नाही. भाजलेले पाव फळीवर तसेच वाळतात. वर्षानुवर्षं तिच्या हातचा पाव खाणारे लोक दुसऱ्या बोळातून वळसा घालून जातात. एक म्हातारी तेवढी येते, आणि तीही पाव शालीखाली लपवून नेते.

मी थांबले. खालांची सुई थांबली होती. सासूबाईंचा आवाज चढला. "इतके वर्सं खाल्ली ना तिच्या हातची भाकर? तवा काही झालं नाही? आन आता तिनं एक माणूस पाह्यला तं गाव बाटलं?" त्या चष्मा काढायला निघाल्या. मी हात धरला. "करू दे ना तिले लगन. कोणाच्या बापाचं काय जाते!"

खालासुद्धा हळूच म्हणाल्या, "भाई ने ऐसा नहीं बोलना था."

त्याच संध्याकाळी मी नणंदेला फोन करून हा सगळा संवाद शब्दनशब्द सांगितला. तिला वाटलं आणि मलाही वाटलं की वेळ आली. त्या रविवारी ती आली, आईच्या पायाशी बसली, तिच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि मग सरळ सांगून टाकलं. मी दारात उभी होते. माझा नवरा आतल्या खोलीत. त्याला मी आधीच सांगितलं होतं, आणि त्यानं फक्त एवढंच विचारलं होतं, माणूस दारू पितो का? पीत नाही म्हटल्यावर गप्प झाला होता.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिलं वाक्य बोलल्या ते हे. "तरीच! तुर्कस्तान माह्या घरात कसं आलं, मी इचारच करून राह्यली होती."

"माय, तूच म्हणाली ना की करू दे लगन..."

"ते पुस्तकातलं! पुस्तकातलं पुस्तकात राह्यते. मले इथं गावात राहा लागते. तुह्या बापाचं इलेक्शन हाय. लोक काय तोंडात शेण घालतीन, काही समजते का तुले?"

"अन् त्या बांगवाल्यानं दुसरं काय केलं?"

"मले शिकवू नोको!"

नणंद उठली. रडली नाही. मोरीत जाऊन तोंड धुतलं, मला म्हणाली, "वहिनी, तिचे थेंब दिवसातून चारदा, विसरू नको," आणि बसस्टँडकडे निघून गेली. पाठमोरी गेली तेव्हा मला तिची वेणी दिसली, शाळकरी मुलीसारखी घट्ट घातलेली. खास या दिवसासाठी घातली असावी. मला फार वाईट वाटलं.

वाचन बंद झालं. खाला येऊन बसायच्या, सुई चालवायच्या आणि जायच्या. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. सासऱ्यांना फोनवर माझ्या नवऱ्यानंच सांगितलं. ते म्हणाले, "इलेक्शन होईपर्यंत मले काही सांगू नका," आणि फोन ठेवला. पण अशा गोष्टी कोणी सांगावं म्हणून थांबत नाहीत. गावात आठवडाभरात कळलं. पॅनलचे दोन पुढारी घरी जाऊन त्यांना म्हणाले, पोरीला आवरा नाही तर माघार घ्या. सासऱ्यांनी दोन्हीपैकी एकही केलं नाही. का केलं नाही, ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

एका दुपारी मी भाजी चिरत होते. खाटेवरून आवाज आला. "तिनं नमाज कुठी पढला?"

"कोणी, आई?"

"भट्टीवालीनं. लगन करून मास्तरच्या घरी गेली तं नमाज कुठी पढणार? त्याच्या घरी तं काहीच नाही. नुसते पुस्तकं."

मी विळी बाजूला सारली. मला तेव्हा उमगलं की लोक काय म्हणतील हे त्यांच्या तोंडात होतं, पण मनात हे होतं. आपल्या पोरीचे देव कुठं जातील? तिचा गुरुवार, तिची सकाळची दिवाबत्ती, आईनं तिच्या लग्नात दिलेला पितळी बाळकृष्ण. मी म्हटलं, "पुढं आहे ते. वाचू?"

"वाच."

पुढच्या प्रकरणात मास्तर घर आवरतो. अजून भट्टीवालीनं होकारही दिलेला नाही. पण तो एका सुतार मित्राला विचारतो की मक्केची दिशा आपल्याकडे कोणती धरतात. मित्र हसतो. मास्तर घरी येतो आणि त्या दिशेच्या भिंतीशी असलेलं पुस्तकांचं कपाट एकट्यानं ओढून बाजूला करतो. कपाटाखालची फरशी वेगळ्या रंगाची निघते. ती तो घासून धुतो. तिथं काहीच ठेवत नाही. नुसती जागा मोकळी करतो.

"कपाट त्यानं स्वतः हलवलं?"

"हो."

"कोणाले बोलावलं नाही?"

"नाही."

"हं." त्या खाटेवर उठून बसल्या. मग म्हणाल्या, "त्याले बोलाव."

"कोणाला?"

"आता तुर्कस्तानच्या मास्तरले बोलावू काय मी? खामगावच्याले बोलाव."

ते आले. मी मनात कोणी दाढीवाला, मोठ्या आवाजाचा वक्ता धरला होता. निघाले किडकिडीत, पांढरा शर्ट, हातात पेरूंची पिशवी आणि कपाळावर घाम. हिवाळ्याचे दिवस असूनही. नणंद सोबत आली नव्हती. त्यांनीच तिला येऊ दिलं नव्हतं, "त्यांना मला जे विचारायचंय ते मोकळेपणी विचारता यावं" म्हणून. मी त्यांना खुर्ची दिली. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

सासूबाईंनी चहाची वाटही पाहिली नाही. "माही पोरगी देव कुठी ठेवीन?"

त्यांनी जरा विचार केला. "आई, खरं सांगू का? मी तिच्या देवापुढं हात जोडणार नाही. जोडले तर ते खोटं होईल. मी जे मानतो ते सोडता येणार नाही मले."

"आन तिनं सोडायचं?"

"नाही. तिनंही सोडायचं नाही. माझ्या घरी समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे, ती तिथंच राहील. स्वयंपाकघराजवळ पूर्वेची खिडकी आहे. चांगला उजेड येते. ती म्हणाली तर तिथं तिचे देव राहतील. मी हलवायले सांगणार नाही, कोणाले हलवू देणार नाही."

"आन तुही माय?"

आता पहिल्यांदा ते हसले. "आईचं कठीण आहे. ती म्हणते, ज्या देवांनी आपल्याले दाराबाहेर ठेवलं, ते आता माझ्या घरात काऊन येतात?"

हे वाक्य आमच्या घरात यापूर्वी कोणी बोललं नव्हतं. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही, आईचं म्हणणं म्हणून जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, संपलं. सासूबाईंनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "तिचं बरोबर हाय." आणि थोड्या वेळानं, "मी बोलीन तिच्यासंग. फोन लावून दे. आत्ता नोको. दुसरा डोळा झाल्यावर."

ते गेल्यावर पिशवीतले पेरू मी ताटात काढले. सासूबाईंनी एक हातात घेऊन दाबून पाहिला. "फळ पाहून घेते तो," म्हणाल्या. भाजी-फळं पिकवणाऱ्या बाईकडून ही मोठी शाबासकी होती.

कादंबरी आम्ही गावच्या निकालाच्या आधी संपवली. मास्तर निवडणुकीत पडतो, सासऱ्यांनी सांगितलं तसंच. शेवटच्या पानावर भट्टीवाली पहाटे भट्टी पेटवते आणि दार उघडं ठेवते. एवढंच. लग्न झालं की नाही, ते लेखक सांगत नाही.

"मंग?" सासूबाई म्हणाल्या.

"संपलं."

"संपलं कसं? लगन?"

"लिहिलेलं नाही."

"हे काय झालं! इतके दिवस बसवून ठेवलं आन शेवटाले तोंड फिरवलं?" त्या लेखकावर मनापासून चिडल्या. खाला म्हणाल्या, निकाह झाला नसणार. सासूबाई म्हणाल्या, झालाच. दोघींनी आपापला शेवट धरून ठेवला. माझं मत कोणी विचारलं नाही.

गावच्या निवडणुकीत सासरेही पडले. भावकीत जो तो म्हणाला, पोरीपायी पडले. सासरे स्वतः मलकापूरला आले, खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरीपायी नाही पडलो. बोअरपायी पडलो. वरच्या आळीले मी बोअर देतो म्हणालो नाही, समोरच्यानं दिला शब्द. जे खरं हाय ते खरं." पण नणंदेचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि लग्नालाही आले नाहीत.

लग्न झालं ते रजिस्टरवर. सह्या, दोन हार, पेढे. आमच्याकडून मी, माझा नवरा, सासूबाई आणि, सासूबाईंच्या आग्रहानं, खाला. सासूबाईंनी नवा चष्मा लावला होता. त्या दिवशी त्यांनी जावयाच्या आईला पहिल्यांदा पाहिलं. फोनवर तोवर दोघींचं बऱ्याचदा बोलणं झालं होतं आणि प्रत्येक वेळी कशावरून तरी वाजलं होतं. ती माउली उंच, सावळी, पांढऱ्या साडीतली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सासूबाई म्हणाल्या, "तुमी फोनवर बुटक्या वाटता." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी फोनवर बी अशाच वाटता." नणंद इतक्या मोठ्यानं हसली की नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी वर पाहिलं.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. गावाकडच्या लग्नकार्यात नणंदेला अजून काही घरांतून बोलावणं येत नाही. सासूबाईंना ते कळतं, आणि जिथं लेकीला बोलावणं नाही तिथं त्याही जात नाहीत. कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगतात. जावयाच्या आईनं देव घरात येऊ दिले, पण घरी हळदीकुंकू असलं की त्या अजून बाहेर जाऊन बसतात. नणंद कधी एकटीच चिडते, मला फोन करून दोन्ही म्हाताऱ्यांबद्दल तक्रार करते आणि फोन ठेवताना म्हणते, "पण वहिनी, मी बरी आहे हं."

सासरे मात्र वर्षभर खामगावला गेले नाहीत. फोनवर जावयाशी बोलणं सुरू झालं ते निवडणुकीच्या निमित्तानं. पुढं विधानसभेची निवडणूक आली, तेव्हा सासऱ्यांना कोणाशी तरी वाद घालायचा होता आणि मुलाला राजकारणात रस नव्हता. मग तिकडे फोन जाऊ लागले. "मास्तर, तुमचं गणित चुकलं." "नाही मामा, तुमचं चुकलं." जावई हा शब्द त्यांनी अजून उच्चारलेला नाही, मास्तरच म्हणतात. एके दिवशी वाद फोनवर मावेना, तेव्हा कापूस विकायला म्हणून ते खामगावला गेले. कापूस शेजाऱ्याचा होता, सासऱ्यांच्या शेतात तर भाजीच. तिथून जिन्याच्या पायऱ्या चढून थेट लेकीच्या घरी.

नणंदेनं मला सारं सांगितलं. तिनं झुणका आणि भाकरी केली होती. दोघे समोरासमोर बसून इतके भांडले की भाकरी गार झाल्या. सासऱ्यांनी एकदा ताट सरकवलं, एकदा ओढून घेतलं. नणंद दारात उभी राहून ऐकत होती आणि बाप आपल्याकडे बघतो का हे बघत होती. त्यांनी बघितलं नाही. हात धुतले, टोपी घातली, चपला पायात सरकवल्या. उंबऱ्याबाहेर गेल्यावर मागे वळून कडीकडे बोट दाखवत म्हणाले, "ही कडी ढिल्ली हाय. मास्तरले सांगजो. नाही तं मीच येतो बुधवारी, पेचकस घेऊन."